मऊ रबराचे टायर

बाबांनी ती लाल गाडी आणली तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं, आणि माझ्या मते या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. बाबांच्या मते होता.

सिंदीला आमचं सरकी-ढेपेचं दुकान. गावातल्या म्हशी आपल्या ढेपेवर दूध देतात असं बाबा सांगायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. अशा दुकानदारानं गाडी घ्यायची तर माल वाहणारी घ्यावी. यांनी घेतली परदेशी बनावटीची, जमिनीला पोट टेकल्यासारखी दिसणारी, दोनच माणसं बसतील अशी शर्यतीतली गाडी. नागपूरचं एक कुटुंब देश सोडून चाललं होतं आणि ती त्यांच्या मुलाची हौस होती. ती हौस आता आमच्या दुकानासमोर, ढेपेच्या पोत्यांना खेटून उभी राहिली.

गाव बघायला लोटलं. "हिच्यात पोतं कुठं ठेवता, शेठ?" हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी. बाबा न चिडता सांगायचे, "पोत्यासाठी नाई घेतली. पोरीसाठी घेतली." लग्नाच्या दिवशी घरापासून वर्ध्याच्या मंगल कार्यालयापर्यंत मला त्या गाडीत स्वतः घेऊन जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मुंडावळ्या बांधलेली मी आणि शेजारी फेटा बांधलेले बाबा. मला ते चित्र नुसतं डोळ्यांपुढे आलं तरी घाम फुटायचा.

यामागे एक जुनी गोष्ट होती. तरुणपणी बाबांनी पटात बैल पळवले होते. बैलजोडीच्या शर्यतीला आमच्याकडे पट म्हणतात. आजोबांनी जोडी विकायला लावून त्यांना दुकानात बसवलं, आणि तेव्हापासून वेगाचं त्यांच्या आयुष्यात काही उरलं नव्हतं. हे मला माहीत होतं. पण माझं सासर नागपूरचं. सासरे कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. त्यांच्याकडे चहाच्या कपाखाली बशी असायची आणि त्या बशीत कोणी चहा ओतायचं नाही. मी स्वतः नागपूरला होस्टेलवर राहून इंग्रजीत एम.ए. केलं होतं, मोठ्या मेहनतीनं 'मले'चं 'मला' केलं होतं. एवढं सगळं सांभाळत आणलेलं, आणि आता ही लाल गाडी.

गाडीचे टायर दिसायला बरे होते, पण रबर पार कडक होऊन गेलं होतं. सेलूच्या वळणावर एकदा गाडीचा मागचा भाग सरकला आणि बाबा घाबरले. स्वतःसाठी नाही, त्या वळणावरून नवरी जायची होती म्हणून. वर्ध्याच्या टायरवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि जीपचे टायर बसवून देतो म्हणाला. "हरणाच्या पायात म्हशीचे खूर?" म्हणून बाबा परत आले. ही हकिगत माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या कानावर गेली. त्यांनी नागपुरातलं एक दुकान शोधून ठेवलं आणि मीही येतो म्हणाले. टायरवरचं इंग्रजी वाचायला म्हणून बाबांनी मला सोबत घेतलं.

दुकान काचेचं, आत एसी, फरशीत तोंड दिसेल असं. भिंतीवर टायर असे लावलेले की फ्रेम तेवढी करायची राहिली होती. बाबांनी काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या. आत सगळे बुटात. सासऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवली, आणि त्यांच्या त्या सभ्यपणानं मला जास्तच लाजल्यासारखं झालं.

टाय लावलेला मॅनेजर तरुण होता, अदबीनं बोलत होता. त्यानं आमच्या मापाचे दोन प्रकारचे टायर पुढे ठेवले. एक टणक, खूप वर्षं टिकणारा. दुसरा मऊ रबराचा, रस्ता धरून ठेवणारा, पण लवकर झिजणारा. त्याच्या खाचा पाणी कसं बाहेर फेकतात, कडेवरचं अक्षर वेग कसा सांगतं, हे सगळं त्यानं समजावलं. "सर, तुम्ही गाडी कशी चालवता? हायवेला की सिटीत?" त्यानं विचारलं.

"सिंदी ते वर्धा," बाबा म्हणाले. "एकच खेप."

मग ते फरशीवर उकिडवे बसले. मऊ टायरमध्ये त्यांनी अंगठ्याचं नख रुतवलं. खाचेतून बोट फिरवलं. टायरच्या अंगावर नवेपणाचे रबराचे बारीक केस असतात, ते तळहातानं चेपून पाहिले. शेवटी नाक लावून वास घेतला. दुसरं एक गिऱ्हाईक आपल्या बायकोला खुणेनं दाखवत होतं. मी भिंतीवरच्या टायरवरची इंग्रजी अक्षरं वाचत उभी राहिले. त्याच कामाला आले होते ना.

"हाच पाह्यजे," बाबा म्हणाले.

"सर, हा फार टिकत नाही," मॅनेजरनं पुन्हा सांगितलं.

"झिजला तं झिजू दे. पटाचा बैल कोनी वखराले जुपते काय? वळनावर सुटला नाई पाह्यजे, एवढंच."

इथवर मी निभावलं असतं. पण आता किमतीची वेळ आली. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, उजव्या हातावर पसरला आणि तो झाकलेला हात मॅनेजरपुढे केला. "ये बाबू, हात दे."

गुरांच्या बाजारात भाव असाच होतो. घेणारा आणि विकणारा कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात, बोटांनीच आकडा ठरतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. बाबा ढेपेचे मोठे सौदेही तसेच करायचे. मॅनेजरला यातलं काय माहीत? त्या झाकलेल्या हाताकडे पाहून तो एक पाऊल मागे सरकला. बाबांना वाटलं, पोरगा लाजतो आहे. त्यांनी हात आणखी पुढे केला, दुपट्ट्याखाली बोटं हलली. ते दाखवणारं गिऱ्हाईक हसलं. सासरे घाईनं मॅनेजरला म्हणाले, "गंमत करताहेत ते."

तेव्हा मी पुढे झाले आणि म्हणाले, "बाबा, इथे किमती ठरलेल्या असतात. असं करत नाहीत इथे."

जन्मात मी त्यांच्याशी अशा भाषेत बोलले नव्हते. घरात मी 'बाबा, असं नका करू ना जी' म्हटलं असतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर जे काही होतं ते त्यांना सगळं दिसलं. सौद्यात समोरच्याचं तोंड वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी हात मागे घेतला, दुपट्ट्याची घडी केली, ती खांद्यावर न टाकता काखेत धरली आणि छापील किंमत देऊन टाकली. बाबांना घासाघीस न करता काही घेताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

टायर बसवून आम्ही दोघं परत निघालो. बुटीबोरीच्या पुढे रस्ता मोकळा होता, तरी ते हळूच चालवत होते. "छान धरतात ना रस्ता?" मी विचारलं. "हो," ते म्हणाले. आमच्या घरी कोणी 'हो' म्हणत नाही, 'हव' म्हणतात. 

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी आईकरवी निरोप दिला, मी आत्यासोबत जीपमधून जावं, त्या गाडीत शालूची घडी मोडते. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला दुकानातल्या लाजेपेक्षा आजही जास्त वाटते. बाबा कार्यालयात आले ते आचाऱ्याच्या टेम्पोत, पातेल्यांसोबत.

पुढे ते माझ्या घरी नागपूरला यायचे, तेव्हा खांदा मोकळा असायचा. मोजकं बोलायचे. बशीला हात न लावता, जीभ भाजत असली तरी कपातूनच चहा प्यायचे. माझ्या मनातलं सगळं त्यांनी असं एकेक करून पाळलं.

आणि गंमत अशी, की सासऱ्यांना ती गाडी फार आवडली होती. बऱ्याच वर्षांनी एका दिवाळीला, मी माहेरी निघाले तेव्हा, ते म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, मला एकदा चक्कर मारून आणायची आहे. आणि त्या दिवशी दुकानात ते रुमालाखाली हात कशाला पुढे करत होते? विचारायचं राहूनच गेलं."

मी सांगितलं. त्यांनी आपल्याच एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं धरून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे आपण केवढ्याचे टायर घेतोय हे त्यांना मला ऐकू द्यायचं नव्हतं. मुलीच्या सासऱ्यासमोर मिरवल्यासारखं होऊ नये म्हणून. आणि मी त्याला गंमत म्हणालो."

मला हे कधीच सुचलं नव्हतं. मी त्यांची मुलगी होते आणि त्या दिवशी कोण बघतंय एवढंच मी बघत होते.

सिंदीला पोचल्यावर मी थेट मागच्या गोदामात गेले. गाडी ताडपत्रीखाली होती. एक कोपरा उचलून मी टायरवरून हात फिरवला. रस्त्याला टेकणारे केस झडले होते, तेवढे त्या दिवशी नागपूरहून येताना झडले असतील. कडेचे आणि खाचांमधले सगळे जसेच्या तसे होते. नख रुतवून पाहिलं, रुतलं नाही. मऊ म्हणून निवडलेलं रबर उभ्या उभ्या दगड झालं होतं, कडेनं बारीक चिरा गेल्या होत्या.

बाबा मागे येऊन उभे होते. "ते आता कामाचे नाई राह्यले," ते म्हणाले. "वळनावर सुटतीन."

"नवे घेऊ, बाबा. मामंजींनाही गाडीत बसायचं आहे. उद्याच नागपूरला जाऊ, त्याच दुकानात. भाव तुम्हीच करजा, दुपट्ट्याखाली."

मी हे आमच्या बोलीत बोलायला गेले, पण इतक्या वर्षांत जीभ वळेनाशी झाली होती. बाबा हसले. त्यांनी ताडपत्री खाली ओढून दोरी बांधली आणि समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "तूच घेऊन येजो, बाई. मी तिथं आलो तं पुन्हा काईतरी करून बसीन."