भोपळ्याचा वेल आणि उपग्रह

सेलूत आमच्या शेजारी राहणारे काका प्रत्येक वाक्यानंतर "बराबर का न्हाई?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलू लागतात. मी घरातला पहिला पदवीधर, याचं कौतुक माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

सेलू शहर किती पसरलं, हे मी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दोन पद्धतींनी शोधत होतो. पहिल्या पद्धतीत घर, शेत, पाणी यांचे नमुने मी संगणकाला दाखवायचे. दुसरीत त्याने आपल्या मनाने गट पाडायचे. काकांच्या पत्र्यावर भोपळ्याचा वेल पसरलेला, त्यामुळे दोन्ही नकाशांत त्यांचं घर शेत निघालं.

काका हादरले. जिंतूरचा मेव्हणा आधीच "काय दाजी, रानातून कधी आलात?" म्हणून चिडवायचा. आता तर त्याला पुरावाच मिळणार होता.

काकांनी वेल उपटला, पत्र्यावर काळी ताडपत्री अंथरली आणि उपग्रह यायच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून वर उभे राहिले.

"काका, त्यात माणूस दिसत नाही."

"असू दे. पाहुणा यायलाय, घरचं कुणी नको का?"

नव्या नकाशांत पहिल्या पद्धतीने त्यांचं घर पडीक जमीन ठरलं आणि दुसरीने तलाव. मी ओशाळून दोन्ही पुढे ठेवले. काकांनी बराच वेळ निरखले.

"तलावाचा पाठीव मेव्हण्याला. त्याच्या नळाला टिपूस न्हाई, लय जळंल. बराबर का न्हाई?"

पहिल्यांदाच ते उत्तरासाठी थांबले.

"बराबर," मी म्हणालो.