डोक्याचं चित्र आणि नाथबाबांचं कडं

माझी देवावर श्रद्धा होती, पण दुपारी चार वाजले की ती उजव्या डोळ्यातून गळून जायची. रोज त्या ठोक्याला डोळ्यामागे कुणीतरी पहार घालायचं, आणि मी नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर, वाळत घातलेल्या लाल ढिगांमधून गोल गोल धावायचो. इतका धावलो, की तेवढ्यात तोरणमाळ सत्तर वेळा चढून झालं असतं. डोळ्याला धार लागायची आणि सोबतचे हसायचे, "वीस वरीस मिरचीमा काढात, आते लागनी का रे भो?"

शेवटी तोरणमाळच्या यात्रेत गोरखनाथांपुढे लोखंडी कडं हातात घातलं. लोक पाच सोमवारांचा नवस बोलतात. माझ्या जिभेला थोडक्यात कुठलं जमतं! डोकं थांबेपर्यंत हे उतरवणार नाही, असं बोलून बसलो.

पुढे एक डॉक्टरीणबाई भेटल्या. अशा दुखण्यावर पोटात टोचायचं एक औषध आहे. ते एकाला लागू पडतं, दुसऱ्याला पडत नाही. असं का, हे मेंदूच्या चित्रांत दिसतं का, ते त्या शोधत होत्या. टोचण्याआधी एक एमआरआय, तीन महिन्यांनी दुसरा. चित्र नाही तर अभ्यासात नाव नाही, आणि नाव नाही तर औषधही नाही. मला औषधाइतकीच चित्राची उत्सुकता होती. पहार घालणारा तो आहे तरी कोण, एकदा बघायचंच होतं.

मशीनच्या दारात तिथली मुलगी म्हणाली, "काका, कडं काढा. लोखंड आत चालत नाही."

मी तिथेच बसलो. दुखणं गेल्याशिवाय कडं काढायचं नाही, आणि कडं काढल्याशिवाय दुखण्यावर औषध नाही! बायको करवादली, "काढी टाका ना! नाथबाबानी काय तुमना मांगे पोलीस लायेल शे का?" मुलगी म्हणाली, दहा मिनिटं थांबते, मग पुढचा पेशंट घेईन. मी कडं मनगटावर गोल गोल फिरवत राहिलो. नवस मोडायची भीती होती, आणि चार वाजण्याची त्याहून मोठी.

शेजारी डोंगरातली एक म्हातारी बसली होती. तिच्या नवऱ्याच्या कमरेचं चित्र काढून झालं होतं आणि दोघं तोरणमाळच्या गाडीसाठी निघणारच होती. तिनं हात पुढे केला.

"आण इकडे. आमच्या घरात होळीच्या व्रताची पाळणी धरलेला आजारी पडला, तर दुसरा त्याच्यासाठी धरतो. तू येईपर्यंत मी धरते."

"मावशी, तुमची गाडी?"

"गाडी उद्या पण येते. तू जा."

तिनं कडं स्वतःच्या मनगटात घातलं. मी आत गेलो. मशीन असं ठोकत होतं, जणू जिल्हाभरचे लोहार आत बसलेत. बाहेर आलो तेव्हा ती तशीच बसली होती, मांडीवर कड्याचा हात जपून. गाडी कधीच गेली होती. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

औषध मला लागू पडलं. आता चारचा पाहुणा आठवड्यातून एखादाच दिवस येतो, तोही दमलेला. चित्रात मात्र पहारवाला दिसला नाही, नाथबाबाही दिसले नाहीत. नुसता अक्रोड. मलाच का लागू पडलं? डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून कळलेलं नाही. ती म्हातारी माझ्याच शेजारी का बसली, हे तरी मला कुठे कळलंय?

दुसऱ्या चित्राच्या दिवशी कडं बायकोच्या हातात होतं. माझं आटोपलं आणि कळसाडीचा एक माणूस आला. औषध तेच, तीन महिने तेवढेच, आणि त्याला काडीचाही फरक नाही. डोळा लाल. नाथबाबांनी मला कसं तारलं, ते मीठमिरची लावून सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तो गळ्यातला तांब्याचा ताईत मुठीत घट्ट धरून दारात अडला होता.

"दादा, द्या इकडे."

"देवाचा शे, भाऊ."

"म्हणूनच द्या. तुम्ही येईपर्यंत मी घालतो."

त्यानं ताईत काढून माझ्या गळ्यात घातला. घड्याळात चार वाजले. पहारवाला आला तर येऊ दे, म्हटलं. हेही नाथबाबांच्याच हवाली. खिडकीतून आमच्या गावाची, रनाळ्याची गाडी सुटताना दिसली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही उठलो नाही.