मोटारीत भरलेली सभा

सभेच्या नियमांवर पोटच्या पोरांइतकी माया करणारा माणूस अख्ख्या सौदी अरेबियात एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा चुलत सासरा होता, हे माझं नशीब. नशीब अशासाठी म्हणतो की त्याआधी ते आमच्या घराकडे फारसं फिरकलं नव्हतं. वडील गलबतावर खलाशी. एकदा शिडाची काठी कमरेवर बसली, तेव्हापासून ते श्रीवर्धनला ओट्यावर बसले ते बसलेच. आई लोकांच्या वाड्यांमध्ये सुपाऱ्या सोलायची. तिची बोटं ईदच्या दिवशीही काळीच असायची. मी बारावी झालो तेव्हा सगळ्या मोहल्ल्याने कौतुक केलं आणि पुढच्याच महिन्यात मला विमानात बसवलं. ताइफच्या एका इस्पितळात चादरी धुऊन, इस्त्री करून, घड्या घालायचं काम मिळालं. शिकायचं राहिलं ते राहिलंच, असं मी मनाशी धरून चाललो होतो. पण बहिणीच्या या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या चाचांना, विचारल्याशिवाय काही धरून चालता येत नसे.

चाचा दिवसा एका बांधकाम कंपनीत हजेरी घेत आणि संध्याकाळी कॉलेजात सभेचं कामकाज शिकवत. कॉलेज म्हणजे तिथल्या भारतीय मंडळींनी शाळेच्या तीन खोल्यांत चालवलेलं कम्युनिटी कॉलेज. दिवसभर राबणारे ड्रायव्हर, शिंपी, मुकादम आणि माझ्यासारखे परीट तिथे येत आणि मायदेशातल्या एका विद्यापीठाची बहिःस्थ बी.कॉम.ची परीक्षा देत. शिकवणारे सात जण, सगळेच दिवसा दुसरीकडे नोकरी करणारे. या सात जणांचं अध्यापक मंडळ, त्याची एकेचाळीस कलमांची घटना चाचांनी स्वतः लिहिलेली, आणि मंडळाचे सचिवही तेच. फळ्याचा खडू संपला तरी ठराव येई. त्याला सूचक लागे, अनुमोदक लागे. टाय ते फक्त सभेला लावत. एकदा ताइफमध्येच राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वाढदिवसाला टाय लावून आले, तेव्हा घाबरून सगळ्यांनी जेवण लवकर उरकलं. घरीसुद्धा तोच कारभार. "आज भेंडी करावी असं मी सुचवतो," असं ते म्हणाले की चाची आतून ओरडायच्या, "बाजारात जाऊन आणायला अनुमोदन कोण देणार? मेलं, तुमच्या ठरावाला कधी मीठ लागलंय का?" चाचा शांतपणे सांगायचे, "विरोध नोंदवून घेतला आहे." मग कोबी खायचे.

पण हाच माणूस विद्यार्थ्यांसाठी कुठवर जाईल याचा नेम नव्हता. कॉलेजात 'विद्यार्थी साहाय्य समिती' होती. तिचे अध्यक्ष चाचा, सचिव चाचा आणि सभासदही चाचाच. आमच्या वर्गातल्या एका ड्रायव्हरला त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो अरब मालक, संध्याकाळी सोडत नसे. चाचा टाय लावून, अरबीत टाइप केलेला सात कलमी अर्ज घेऊन, कफिलाच्या मजलिशीत, पाहुण्यांच्या बैठकीत, जाऊन बसले. कहव्याचे पेले येत गेले, चाचा ते रिकामे करत गेले. दोन तासांनी कफील पाचव्या कलमापाशी पोहोचला. त्यात लिहिलं होतं, 'अर्जदाराच्या मते शिकलेला ड्रायव्हर रस्ता कमी चुकतो.' तो एवढा हसला की त्याचा चष्मा खाली पडला. "खलास! घेऊन जा त्याला, यल्ला!" म्हणाला. पुढे पुढे उशीर झाला की तो कफील स्वतः गाडी चालवत ड्रायव्हरला वर्गावर सोडायला येई, आणि चाचा त्याला विचारत, "आज तीन मिनिटं उशीर का?"

मला तर त्यांनी चादरींमधून उचललं. माझी शिफ्ट वर्गाच्या वेळेला पडायला लागली तेव्हा ते इस्पितळाच्या धुलाईखान्यात येऊन बसायला लागले. मी इस्त्री फिरवायचो, ते विचारायचे. "वार्षिक सभेची नोटीस किती दिवसांची?" उत्तर चुकलं की घडी घातलेली चादर उलगडून परत माझ्यापुढे टाकायचे. कंपनी कायदा मी असा पाठ केला, आणि त्या काळात आमच्या इस्पितळाच्या चादरींच्या घड्या अशा होत्या की मेट्रनने मला बोलावून शाबासकी दिली.

मी तिसऱ्या वर्षाला होतो आणि कुवेतवर इराकी फौजा चालून आल्या. ताइफचं आभाळ विमानांनी दणाणायला लागलं. गॅसचे मुखवटे वाटले गेले. चाचांनी लगेच ठराव मांडला की उच्चार स्पष्ट ऐकू यावेत म्हणून शिकवणाऱ्याने मुखवटा गळ्यात ठेवावा. सातांपैकी तीन मास्तर सुट्टी काढून मायदेशी गेले. जानेवारीत खरोखरच लढाई जुंपली आणि त्याच आठवड्यात विद्यापीठाचं पत्र आलं: एप्रिलमध्ये परीक्षा घेणार असाल तर मंडळाच्या ठरावानिशी, अध्यक्षांच्या सहीने, ताबडतोब कळवा, नाहीतर केंद्र रद्द. माझा करार जूनमध्ये संपत होता. केंद्र गेलं असतं तर चार वर्षं चादरी घडी करून मी बारावी पास म्हणूनच ओट्यावर वडिलांच्या शेजारी जाऊन बसलो असतो.

कोरम चाराचा, आणि उरलेले मास्तरही चारच. चाचा, हैदराबादचे हिशेबाचे मास्तर, इस्पितळातले मल्याळी फार्मासिस्ट आणि मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्ष नागपूरकडचे इंजिनिअर, मनाने चांगले, पण त्यांचं म्हणणं होतं की कॉलेज बंद ठेवावं, आणि म्हणून ते सभाच बोलावत नव्हते. सचिवालाही सभा बोलावता येते, असं कलम चाचांनी काढून दाखवलं, नोटीस दारावर लावली. सभेच्या दिवशी दुपारी कळलं की अध्यक्ष कुटुंब घेऊन जेद्द्याला निघालेत.

चाचांनी टाय लावला. हैदराबादी मास्तर आणि फार्मासिस्ट यांना धुलाईच्या व्हॅनमध्ये मळक्या चादरींवर बसवून मी अध्यक्षांच्या दारात नेलं. मोटार टपापर्यंत भरलेली, अध्यक्ष चाक धरून बसलेले, वहिनी कुकर मांडीवर घेऊन शेजारी, मागे दोन मुलं. चाचांनी मागचं दार उघडलं, मुलांना खाली उतरवून माझ्या हवाली केलं, आणि तिघंही आत घुसले.

"चाचा, अहो, मी निघालोय! सभा कसली घेता?"

"गाडी सुरू व्हायची आहे, म्हणजे आपण ताइफमध्ये आहात. ताइफमध्ये आहात, म्हणजे हजर आहात. कोरम पूर्ण आहे. काच खाली घ्या, जरा उकडतंय."

"आणि मी सुरूच केली गाडी तर?"

"तर सभा चालत्या गाडीत होईल. मात्र मक्क्याच्या फाट्यापर्यंतच. तिथून बिगरमुसलमानांना मक्क्याबाहेरून जावं लागतं; तुमचा रस्ता वेगळा आणि आमचा वेगळा. कोरम मोडेल."

वहिनी म्हणाल्या, "अहो, घ्या एकदाची सभा. नाहीतर हे जेद्द्याला माझ्या भावाच्या घरी येऊन बसतील."

अध्यक्षांचा आवाज चढला. "तुम्हाला गंमत वाटते. उद्या वर्गावर काही पडलं तर? पोरांच्या आईबापांना तोंड कोण दाखवणार, तुम्ही की तुमचं कलम?"

चाचांनी पेन खाली ठेवलं. सभेत त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ते हळू म्हणाले, "साहेब, आपण जाऊ शकतो. ही अकरा मुलं कुठे जाणार? पासपोर्ट कफिलांकडे. कॉलेज बंद झालं तरी ती इथेच राहणार, त्याच खोल्यांत, त्याच आभाळाखाली. पडायचं ते त्यांच्यावर पडणारच. मग निदान हातात पुस्तक तरी असू द्या."

माझ्याकडे दिलेल्या मुलांपैकी धाकट्याने तेवढ्यात विचारलं, "अंकल, आर यू ऑल्सो इन द मीटिंग?"

"माझा ठरावाला विरोध नाही," अध्यक्ष म्हणाले.

"विरोध नाही म्हणजे बाजूने, की तटस्थ?"

"बाजूने! बाजूने! बाजूने!"

"एकदाच पुरे," चाचा म्हणाले आणि लिहून घेतलं.

अध्यक्षांनी कुकरच्या झाकणावर कागद ठेवून पत्रावर सही केली. मग म्हणाले, "आता मी काही इथे नसणार. चाचा, तुम्हीच अध्यक्ष व्हा." हैदराबादी मास्तरांनी लगेच सूचना मांडली, फार्मासिस्टने अनुमोदन दिलं. मला वाटलं, झालं, जिंकलो. आणि चाचांनी वही मिटली. "हा विषय पत्रिकेवर नाही. दोन दिवसांची नोटीस लागते." वहिनींनी कपाळाला हात लावला. आम्ही तिघांनी विनवलं, अध्यक्षांनी हात जोडले. चाचा मोटारीतून उतरून टाय सैल करत चालायलाही लागले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्गाच्या दारात अध्यक्ष उभे. कुटुंबाला जेद्द्याला सोडून एकटेच परत आले होते. "नोटीस लागली असेल तर विरोध नोंदवायला आलोय," म्हणाले. "माझी खुर्ची मी सोडत नाही." आणि खडू उचलून त्यांनी सांख्यिकीचा राहिलेला धडा पुढे सुरू केला. चाचांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे हसू होतं, ते कुठल्याही कलमात बसणारं नव्हतं.

लढाई थांबली, एप्रिलमध्ये पेपर आले, परीक्षा झाली. आज चाचा श्रीवर्धनला असतात. चाची गेल्या. चाचांना आता माणसांची नावं आठवत नाहीत. परवा भेटायला गेलो तर मला त्यांनी दोनदा माझ्या मेहुण्याच्या नावाने हाक मारली. मीही ओ दिली. खिडकीतून सुपारीच्या बागेकडे बघत ते म्हणाले, "पोरं हुशार होती हो. नुसती दमलेली असायची." पोरं म्हणजे आम्ही, हे त्यांना सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते इतक्या समाधानाने बोलत होते की मीही त्यांच्याबरोबर बागेकडे बघत राहिलो.

त्या वर्षी ताइफच्या कॉलेजातून अकरा जण परीक्षेला बसले आणि नऊ जण पास झाले. मी दुसऱ्या वर्गात पास झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी.