पाठीवर एक वळ नाही

स्थळ शिरूर कासारकडचं होतं. वडील घर बघायला गेले ते सरळ गोठ्यात शिरले. दोन्ही बैलांच्या पाठीवरून, पुठ्ठ्यांवरून हात फिरवला आणि घरी येऊन मला म्हणाले, "एक वळ न्हाई, पोरी. डोळे झाकून हो म्हण." मी म्हटलं. जनावराच्या अंगावरून माणूस कळतो, हे मलाही पटलेलं होतं.

लग्नानंतर पहिल्याच सीझनला आम्ही दोघं ऊस तोडायला गेलो. ह्यांचा बैलांवर भारी जीव. आधी बैलांना पाणी, मग स्वतःला चहा. टोळीतल्या बायका म्हणायच्या, "तुझं लई बरं हाय बाई." खोटं कशाला बोलू, मी मिरवायची.

मग आमच्या एका बैलाचा खूर चिरला. टोळीतल्याच एकाचा बैल ह्यांनी चार दिवसांसाठी मागून आणला. दुपारी उसाची भरली गाडी कारखान्याकडे निघाली, मी बाजूनं चालत होते. चढाला गाडी अडली. ह्यांनी बैठकीखाली हात घातला आणि पराणी काढली, टोकाला खिळा ठोकलेली काठी. ती आमच्या गाडीत असते हेच मला ठाऊक नव्हतं. मागून आणलेल्या बैलाला त्यांनी ती चार-पाचदा टोचली. दुसऱ्या हातानं त्याच जुवाखालच्या आमच्या बैलाला थोपटत होते, "चल माझ्या राजा, चल."

"अवो, रगत आलंय त्याला," मी म्हणाले.

"आपला थोडाच हाय?"

रागानं नाही, अगदी सहज म्हणाले.

वडिलांनी हात फिरवला ते बैल ह्यांचे स्वतःचे होते. दुसऱ्याच्या बैलाशी हा माणूस कसा वागतो ते विचारायला हवं होतं, हे आम्हा बापलेकीच्या डोक्यातच आलं नाही. ज्याला मी दया समजून मिरवत होते, ती आपल्या वस्तूची काळजी निघाली. साफ फसले मी. बैल परत देताना ह्यांनी जखमांना हळद लावली आणि त्याच्या मालकाला सांगितलं, "दांडीला घासला." मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले, त्याची लाज आजही वाटते.

त्याला आता सात-आठ वर्षं झाली. ह्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. माहेरी गेले की वडील विचारतात, "मी पारखून दिलेला माणूस बरा हाय ना?" मी हो म्हणते. मी ह्यांची आहे तोवर बराच आहे.