दोन मोहांवर राखलेलं घर

यजमान वारले तेव्हा गोंडपिपरीकडे जंगलाच्या कडेला त्यांनी बांधलेलं कौलारू घर तेवढं माझ्याकडे उरलं. दोन मुलींना घेऊन मी वरोऱ्याला भावाकडे आले. हिवाळ्यात नागपूरची मंडळी हवापालटाला ते घर आठ-पंधरा दिवस भाड्यानं घेत. त्या भाड्यावर आम्हा तिघींचं वर्ष निघे. भावजयीपुढे हात पसरावा लागत नसे, हे माझ्या लेखी फार मोठं होतं.

घर बघायची शेजारची एक बाई. नवरा तळ्यावर मासे धरी. सारवण, पाणी, पाहुण्यांचा स्वयंपाक, सगळं तिच्याकडे. एका संक्रांतीला मी तिचा मोबदला ठरवायला गेले. म्हटलं, भाड्याचा चौथा हिस्सा देईन. ती म्हणाली, "अर्धं द्या."

माझी जीभ आधीच तिखट. "अर्धं काऊन? घर माहं हाय का तुहं?"

"घर तुमचंच, बाई. पन राबून कोन राह्यलं?"

तासभर हुज्जत झाली. शेवटी तीच म्हणाली, "पैसे राहू द्या. घराजवळचे दोन मोह मले द्या. फुलं येचीन, वाळवून इकीन."

मी कापसाच्या मुलखातली बाई. झाडाखाली सडणाऱ्या फुलांना काय किंमत! फुकटात काम झालं म्हणून मी हरखले. वरोऱ्याला येऊन भावजयीपुढे शेखीही मिरवली.

चैत्रात निरोप आला, वणवा घराकडे गेला. पडत-धडपडत पोचले. रान काळंठिक्कर, आणि माझं घर उभं! फुलं वेचायला तिनं घराभोवतीचा पाला रोज पहाटे झाडून काढला होता. आग त्या झाडलेल्या जमिनीशी येऊन थांबली होती. ठिणग्या उडून पडवीच्या गवती छपराला लागल्या, त्या तिनं आणि तिच्या नवऱ्यानं घागरींनी विझवल्या. तेवढ्यात तिच्या दारात वाळत घातलेली सगळी मोहफुलं जळून गेली. तिची वर्षाची कमाई होती ती.

"अवो, आधी आपली फुलं नाई का उचलाची?" मी तिच्यावरच ओरडले.

"फुलं पुढल्या साली पडतीन, बाई. घर जळलं असतं तं पोरी घेऊन तुमी कुठी गेल्या असत्या?"

मी तिचे काजळलेले हात धरले आणि तिथंच रडले. देवानं मला माणूस दिलं होतं, आणि मी त्याचा भाव पाडत बसले होते. त्या सालापासून भाडं अर्धं तिचं, मोहही तिचेच. "येवढं नोको" म्हणून तिनं पुष्कळ हुज्जत घातली. त्या खेपेलाही मी हरले नाही.