अस्के पोचले का?

गेल्या रविवारी सेतुअण्णांनी ग्रुपवर 'पोचलो' टाकलं नाही, आणि आम्हा अकरा जणांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही.

ज्यांना आमचा ग्रुप माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

तंजावूरमधले आम्ही बाराजण दर रविवारी पहाटे मोटारसायकली काढतो. कधी ओरत्तनाडु, कधी पापनाशम. इडली, कॉफी, आणि ऊन चढायच्या आत परत.

नियम एकच. घरी पोचलं की ग्रुपवर 'पोचलो' टाकायचं.

अण्णा सगळ्यांच्या मागे चालवायचे. वीजमंडळातून रिटायर झालेले, वय त्रेसष्ट, बुलेट त्यांच्याहून थोडीच लहान. कुणाची चेन निघाली, कुणाचं पेट्रोल संपलं, तर मागून अण्णा येणार हे ठरलेलं.

म्हणजे त्यांचं 'पोचलो' सगळ्यात शेवटी. तोवर आम्ही फोन बाजूला ठेवलेले असायचे.

एखाद्याचा मेसेज राहिला की अण्णा विचारणार, "अस्के पोचले का?"

अस्के म्हणजे सगळे. तंजावूरच्या मराठीतला जुना शब्द. मी सांगलीहून लग्न होऊन इथे आले. हा शब्द मला अण्णांनी दिला.

अस्के पोचल्याशिवाय ते खायला बसायचे नाहीत. वैनी आतून ओरडायच्या, "टिफिन गार झालं, तुमचे अस्के अजून पोचेनात."

अण्णांना देवनागरी वाचता येत नव्हती. मराठी घरातलं, अक्षरं शाळेतली, म्हणजे तमिळ. त्यामुळे ते मराठी लिहायचे ते तमिळ अक्षरांत.

मला तेव्हा तमिळ धड वाचता येत नव्हतं. त्यातून तमिळमध्ये क आणि ग एकच, प आणि ब एकच.

त्यांचं पहिलं 'पोचलो' मी 'बोचलो' असं वाचलं.

"काय बोचलं अण्णा?"

"तुझं सांगलीचं मराठी."

एकदा त्यांनी लिहिलं, गार गाडी पळवू नको. इंजिन आधी तापू दे, असं सांगायचं होतं. मी वाचलं, कार गाडी पळवू नको.

मी जरा रागानेच कळवलं, माझ्याकडे कार नाही अण्णा.

पुढचे दोन महिने ग्रुपवर सगळे माझ्या कारची चौकशी करत होते.

आज मी तमिळ पेपर वाचते. शिकले ते मात्र अण्णांच्या सल्ल्यांवरून. चेनला तेल घाल. आरसा पुसून निघ. भातावर ब्रेक नको.

हा शेवटचा तर त्यांनी दहा वेळा सांगितला असेल. सुगीत पापनाशमच्या रस्त्यावर लोक भात वाळत घालतात, अर्धा रस्ता दाण्यांनी भरलेला असतो.

मी भातावर ब्रेक मारला.

बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकलेली बाई, गाडीसकट आडवी.

अण्णा मागून आले. "हात हलव. पाय हलव. डोकं?"

"ठीक आहे."

"मग ऊठ. त्या अम्माचं भात उधळलंयस तू."

आणि मला गुडघ्यावर बसवून दाणे गोळा करायला लावले. स्वतःही बसले. ती अम्मा तमिळमध्ये 'राहू दे, राहू दे' म्हणत होती, तरी.

मला रडू यायला लागलं. म्हटलं, "मला नाही जमणार हे अण्णा. गाडी विकून टाकते."

"विक. पण घरापर्यंत तर चालवायला लागेल ना?"

मी चालवली. सगळी वाट आरशात त्यांचा दिवा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी वळले आणि दिवा दिसेनासा झाला.

गुडघा धुतला, औषध लावलं, अर्ध्या तासाने दाराशी आले, तर कोपऱ्यावर अण्णा उभे. हेल्मेट हातात.

"अहो, तुम्ही मागेच होतात. मी पोचले ते पाहिलंत की."

"टाकलं नाहीस."

गाडी विकायचं मग राहूनच गेलं.

गेल्या रविवारी अण्णा गेले. आम्हाला दुपारी कळलं. माझ्या मनात एकच, रस्त्यात कुठे पडले का? आम्ही सगळे पुढे, त्यांच्या मागे कोण होतं?

चार दिवसांनी वैनींकडे गेले. त्या म्हणाल्या, "घरी आले होते गं. या खुर्चीवर बसून बूट काढत होते. एक काढला होता."

मग त्यांनी अण्णांचा फोन माझ्या हातात दिला.

"हे बघ. मी आतून ओरडले, आधी खा, मग तो फोन. बाहेर आले तर हे असे. फोनवर एवढंच लिहिलेलं. कुणाला जा म्हणत होते? मला?"

आमचा ग्रुप उघडा होता. न पाठवलेलं एकच अक्षर.

'पो'.

तमिळमध्ये पो म्हणजे जा.

चार दिवस त्या हे एक अक्षर घेऊन बसल्या होत्या.

मी म्हटलं, "वैनी, ते तमिळ नाही. मराठी आहे. 'पोचलो' लिहीत होते ते."

त्यांनी फोन परत घेतला.

"पोचले होतेच की," म्हणाल्या. मग पदराने फोनची काच पुसली.

आज रविवार. ओरत्तनाडुला जाऊन आलो. मागे कोण राहणार हे ठरेना, म्हणून मी राहिले.

मागे राहिलं की आरशात कुणीच नसतं. हे अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन बूट न काढता आधी ग्रुप बघितला. दहा 'पोचलो' मोजले. अकरावं माझं टाकलं, तमिळ अक्षरांत.

अस्के पोचले, अण्णा.

आता खाऊन घ्या. आणि पडा थोडं.