पाळण्यातून येणारा

टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणारा तो माणूस फणसवाडीत आला की आधी त्याचा आवाज यायचा. व्हॅनच्या टपावरचा लोखंडी पाळणा वर चढू लागला की तो ओरडायचा, "येतोय हो, सावरून बसा!" मग गॅलरीतल्या बायका पदर सारखे करायच्या आणि हा देवळात शिरल्यासारखा मान खाली घालून एकेक मजला ओलांडायचा. चहा मात्र प्रत्येक मजल्यावर घ्यायचा, तोही कठड्यावरून.

गिरणीचा संप फिसकटल्यापासून तिसऱ्या मजल्यावरचे आमचे शेजारी आबा चाळीचा जिना उतरत नव्हते. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय आबा, गिरणीचं काय झालं?" शेवटी त्यांनी खोलीच धरली. याचा पाळणा मात्र नेमका त्यांच्यासमोर थांबायचा.

"आबानू, वायच ह्यो पानो धरा."

आबा कुरकुरत पाना धरायचे. गिरणीत कापडाचे साचे चालवलेला हात तो, पकड घट्ट. मला मोठी गंमत वाटायची, कारण अख्ख्या चाळीत टेलिफोन एकच, तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे. त्याची तार आमच्या मजल्याकडे फिरकतही नव्हती.

एका सकाळी पाळण्यात दोघं दिसले. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पाळण्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. पाळणा हळूहळू खाली निघाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात हा ओरडला,

"उतरतोय हो! कोणी काही विचारू नका!"